चारशे चौरस मीटरांत काय पिकवावं?

महागड्या रिसॉर्टांच्या आवारात परसबाग असणं आता जवळपास गृहीत धरलं जातं. मेनूकार्डावर 'आमच्या बागेतून' अशी ओळ असते, सकाळी पाहुण्यांना बाग दाखवली जाते, हौसेने त्यांच्या हातात टोपली दिली जाते. यात वावगं काही नाही. नुसत्या शोभेच्या हिरवळीपेक्षा खाण्याजोगं काही देणारी जमीन केव्हाही बरी. पण ही बाग नेमकी कशासाठी, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलंच नसतं आणि त्यामुळे ती ना धड शेती होते, ना धड बगीचा. माझं म्हणणं असं की अशा बागेत फक्त तेच पिकवावं जे प्रवासात आणि साठवणीत बिघडतं. बाकीचं आसपासच्या शेतकऱ्यांकडून रीतसर विकत घ्यावं. आणि बागेने किती माल दिला, किती पाणी घेतलं, याचे आकडे उघड मांडावेत.

आधी हिशेब करू. चाळीस खोल्यांचं हॉटेल आहे, वर्षभरात सरासरी ७० टक्के खोल्या भरलेल्या असतात आणि खोलीत दोघे राहतात, असं धरलं तर रोजचे ५६ पाहुणे झाले. सोलण्या-निवडण्यात जाणारं धरून माणशी ६०० ग्रॅम भाजी आणि फळं लागली, तर दिवसाला साधारण ३४ किलो आणि वर्षाला सव्वाबारा टन माल हवा. माती चांगली, पाणी बारमाही आणि हात अनुभवी असतील तर मिश्र भाजीपाल्याच्या वाफ्यातून चौरस मीटरमागे वर्षाला तीनेक किलो धरता येतात. काही पिकं याहून बरीच जास्त देतात, काही निम्मंही देत नाहीत. या दराने सगळी गरज भागवायची तर ४,१०० चौरस मीटरचे निव्वळ वाफे लागतील. त्यात वाटा, रोपवाटिका, कंपोस्टची जागा आणि अवजारांची खोली मिळवली की आकडा साडेसहा-सात हजारांवर जातो. एवढी जागा फार थोड्या हॉटेलांकडे असते. बहुतेकांकडे असतात ते तीनशे-चारशे चौरस मीटरचे वाफे. चारशे धरले तरी वर्षाला बाराशे किलो माल निघतो, म्हणजे गरजेचा जेमतेम दहावा हिस्सा.

आता याच चारशे चौरस मीटरांचा दुसरा हिशेब. पुदिना, बेझिल, कोथिंबीर, थाइम, रोझमेरी असा सुगंधी पाला माणशी रोज १५ ग्रॅम लागला तर वर्षाला ३०७ किलो होतो. चौरस मीटरमागे दोन किलो धरले तर दीडशे चौरस मीटर पुरतात. सॅलडची कोवळी पानं माणशी ४० ग्रॅम, म्हणजे वर्षाला सव्वाआठशे किलोंच्या आत. चौरस मीटरमागे चार किलोंच्या हिशेबाने त्यांना २०५ चौरस मीटर लागतात. दोन्ही मिळून ३५५. उरलेल्या ४५ चौरस मीटरांत खाण्याची फुलं, वाटाण्याचे कोंब, एखाद-दोन ओळी टोमॅटो बसतात. जमीन तीच, मेहनत जवळपास तेवढीच. एका पद्धतीत प्रत्येक गोष्टीचा दहावा हिस्सा मिळतो आणि पाहुण्याला त्याची चव वेगळी कळतही नाही. दुसऱ्या पद्धतीत ताटातलं एकूण एक हिरवं पान बागेतलं असतं आणि तसं छातीठोकपणे सांगता येतं. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते तिथे हे आकडे खाली येतात किंवा पॉलिटनेलचा, म्हणजे प्लास्टिकच्या कापडाच्या बोगद्याचा, खर्च वर चढतो, पण निष्कर्ष बदलत नाही.

मोठी जमीन असलेल्या जागा वेगळ्या. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशर परगण्यात १९८४ साली सुरू झालेल्या 'ल मॅन्वार ओ कॅत सेझाँ' या हॉटेलची भाजीबाग दोन एकरांची आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या 'बॅबिलॉनस्टोरेन'ची बाग साडेतीन हेक्टरांची आहे आणि तिथे तीनशेहून अधिक प्रकारच्या उपयोगी वनस्पती आहेत. अशा ठिकाणी बाग आधी आणि हॉटेल तिच्याभोवती, अशी मांडणी असते. तिथले फोटो पाहून चारशे चौरस मीटरांत तेच उभं करायला जाणं हे बहुतेक फसलेल्या बागांचं मूळ आहे. प्रत्येक भाजीची चार-चार रोपं लावली जातात आणि कुठल्याही एका दिवशी स्वयंपाकघराला पुरेल इतकं काहीच निघत नाही.

काय पिकवायचं हे ठरवायला दोन प्रश्न पुरतात. तोडल्यानंतर काही तासांत याची चव उतरते का? आणि याला जागा किती लागते? बेझिल पहिल्या कसोटीला पुरेपूर उतरतं. दहा-बारा अंश सेल्सियसच्या खाली त्याची पानं काळी पडतात, आणि शीतगृहाची गाडी चार-पाच अंशांवर चालते. म्हणजे लांबून येणारं बेझिल एकतर काळवंडलेलं येतं किंवा उन्हाने मलूल झालेलं. भोपळ्याचं नर फूल सकाळी उमललेलं तोडलं तर भरून तळता येतं, दुपारी ते मिटून लिबलिबीत होतं. पिकलेलं अंजीर आणि तुती पेटीत टिकत नाहीत. त्यांना वाफाही लागत नाही, शोभेच्या झाडांच्या जागी कडेने लावता येतात. टोमॅटो झाडावर पिकू दिला आणि फ्रिजमध्ये ठेवला नाही तर त्याचा गंध टिकतो. बारा अंशांच्या खाली ठेवला की तो गंध हरवतो, आणि बाहेर काढून ठेवल्यावर पुरता परत येत नाही. मक्याच्या साध्या गोड वाणाचं कणीस तोडून ३० अंशांत ठेवलं तर एका दिवसात त्यातली निम्म्याहून जास्त साखर स्टार्च होऊन बसते. शून्य अंशाला ती घट सहा टक्क्यांच्या आसपास असते. तरीही मका लहान बागेत लावू नये. एका झाडाला एक-दोनच कणसं येतात, आणि परागीभवन वाऱ्याने होत असल्यामुळे एका ओळीऐवजी चौकोनी पट्टा लावावा लागतो, नाहीतर दाणे अर्धवट भरतात. पहिल्या प्रश्नात पास होऊन दुसऱ्यात नापास होणारं हे पीक आहे. बटाटा, कांदा, कोबी, लाल भोपळा, धान्य हे दोन्ही प्रश्नांत बाद. ते महिनोन् महिने टिकतात, गाडीतून सुखरूप येतात, आणि शेतकरी ते हॉटेलच्या माळ्यापेक्षा चांगले आणि स्वस्त पिकवतो.

पर्यावरणाचा मुद्दाही इथेच येतो. 'बागेतलं अन्न म्हणजे वाहतुकीचं प्रदूषण वाचलं' हे वाक्य सर्रास वापरलं जातं. ते बहुतेक पदार्थांच्या बाबतीत फारसं खरं नाही, कारण अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा लहान असतो. मोठा वाटा जमीन, खतं आणि जनावरांचा असतो. अपवाद विमानाने येणाऱ्या मालाचा. आणि विमानाने येतं ते बटाटा-कांदा नव्हे. नाजूक पाला, बेरी, कोवळ्या शेंगा, फुलं असा नाशवंत आणि हलका माल विमानातून येतो. म्हणजे चवीच्या कसोटीवर जी पिकं निवडली तीच या कसोटीवरही निवडली जातात. दूरच्या बेटावरच्या रिसॉर्टला हे सर्वात जास्त लागू आहे. मात्र त्याच बेटावर पाहुणाही विमानानेच येतो, आणि त्याच्या एका लांबच्या प्रवासाचं इंधन बागेने वाचवलेल्या इंधनाला सहज गिळून टाकतं. म्हणून बागेच्या नावाने पृथ्वी वाचवण्याचे दावे करू नयेत. ताजं पान मिळतं, कचऱ्याचं खत होतं, जमीन जिवंत राहते. हे पुरेसं आहे आणि खरं आहे.

आसपासच्या शेतकऱ्यांचा प्रश्न याहून महत्त्वाचा वाटतो. हॉटेल आलं की जमिनीच्या किमती चढतात, पाण्यावर ताण येतो, मजूर तिकडे वळतात. अशा वेळी हॉटेलने स्वतःच कोबी-बटाटा पिकवून 'स्वयंपूर्ण' व्हायला निघणं म्हणजे शेजाऱ्याचं एकमेव चांगलं गिऱ्हाईकही हिरावून घेणं. खरेदीचा करार मात्र नेमका हवा. आठवड्याला किती किलो, भाव हंगामाआधी ठरलेला, वाकडं गाजर आणि लहान-मोठा आकार चालेल हे लिहिलेलं, आणि पैसे ठरल्या दिवशी. हॉटेलं उशिरा पैसे देतात म्हणून चांगले शेतकरी त्यांच्याकडे फिरकत नाहीत, हे कारण खरेदी विभागाच्या बैठकीत सहसा निघत नाही. बागेतल्या रोपवाटिकेत थोडी जास्तीची रोपं तयार करून ती या शेतकऱ्यांना द्यावीत. हवा तो वाण मिळण्याची खात्री होते आणि शेतकऱ्याचा बियाण्याचा खर्चही वाचतो.

आता प्रत्यक्ष बागेकडे. नव्या हॉटेलची बाग पहिल्याच वर्षी फसते याचं कारण बहुधा जमिनीखाली असतं. बांधकामात वरची सुपीक माती खरवडून नेली जाते, जड यंत्रांनी खालचा थर दाबला जातो, त्यात सिमेंट आणि चुन्याचा राडारोडा मिसळतो आणि शेवटी वर दहा-पंधरा सेंटिमीटर आणलेली माती पसरली जाते. दिसायला बाग तयार, पण मुळं त्या थराखाली जात नाहीत आणि पाणी मुरत नाही. सिमेंटमुळे मातीचा सामू (pH) आठच्या वर गेलेला असतो, मग लोह असूनही झाडाला मिळत नाही आणि नवी पानं शिरा सोडून पिवळी पडतात. तपासणी सोपी आहे. तीस सेंटिमीटर खोल खड्डा खणावा, पाण्याने भरून पूर्ण जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते मोजावं. अडीच ते पाच सेंटिमीटर उतरली तर निचरा ठीक. एक सेंटिमीटरही उतरली नाही तर तिथे लावणी करू नये. आधी बागकामाच्या दातेरी काट्याने खालचा थर न उलथवता सैल करावा, किंवा सरळ ४० सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे बांधावेत. जुन्या इमारतीच्या भिंतीलगत रंगातून शिसं मातीत उतरलेलं असू शकतं, तिथली माती प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पाला लावू नये. भिंतीच्या पायाशी वाळवीचं औषध घातलेलं असेल तर तो पट्टा कायमचा सोडून द्यावा. वाफ्यांच्या कडेला रेल्वेचे जुने स्लीपर छान दिसतात म्हणून लावतात. त्यांत क्रिओसोट हे लाकूड टिकवणारं विषारी डांबरी तेल मुरलेलं असतं, ते खाण्याच्या बागेत नकोत.

हॉटेलच्या बागेला एक धोका असा असतो की जो शेतकऱ्याच्या शेताला सहसा नसतो. एकाच आवारात तीन-चार विभाग आपापली रसायनं वापरत असतात आणि कुणाचं कुणाला माहीत नसतं. पाहुण्यांना डास नकोत म्हणून संध्याकाळी धूरफवारणी होते. तिचा धूर वाऱ्याने सॅलडच्या वाफ्यावर बसतो आणि सकाळी तीच पानं कापली जातात. मधमाश्या मरतात त्या वेगळ्याच. लॉनवरचं रुंद पानांचं तण मारायला क्लोपिरॅलिड किंवा अमिनोपिरॅलिडसारखं तणनाशक मारलं जातं. गवताला काही होत नाही. पण कापलेलं गवत कंपोस्टमध्ये गेलं की ते औषध कुजण्यातूनही शिल्लक राहतं, आणि अत्यल्प प्रमाणातसुद्धा टोमॅटो, वाटाणा, घेवडा यांची पानं पिळवटून टाकतं. माळी मग महिनाभर विषाणू शोधत बसतो. याची परीक्षा घरगुती आहे. तीन कुंड्यांत कंपोस्ट मिसळलेली माती, तीन कुंड्यांत स्वच्छ माती, प्रत्येकीत घेवड्याच्या चार बिया. तीन आठवड्यांत पहिल्या कुंड्यांतली पानं चमच्यासारखी वळली किंवा पिळली, तर तो ढीग भाजीच्या वाफ्यांना वापरायचा नाही. शोभेच्या झाडांच्या रोपवाटिकेतून फुललेली रोपं आणून बागेत खोचण्याची सवयही वाईट. ती खाण्यासाठी वाढवलेली नसतात, त्यांवर झाडात भिनणारी कीटकनाशकं मारलेली असू शकतात. खाण्याची फुलं स्वतः बी पेरूनच तयार करावीत. आणि पाहुण्यांनी स्वतः तोडायच्या वाफ्यांच्या जवळ कण्हेर, डेल्फिनियम, डॅफोडिल नसावेत. डॅफोडिलचा कंद कांद्यासारखा दिसतो, शोभेच्या स्वीट पीच्या शेंगा वाटाण्यासारख्या दिसतात, आणि दोन्ही विषारी आहेत. म्हणून आवारात काय, कुठे, कधी फवारलं याची एकच वही असावी आणि तिच्यावर माळ्याची सही झाल्याशिवाय कोणीही पंप उचलू नये.

शेणखताचंही असंच. ताजं शेण कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पाल्याजवळ येता कामा नये. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत न कुजवलेलं शेणखत घातल्यापासून, मातीला टेकणाऱ्या पिकाच्या काढणीपर्यंत १२० दिवस आणि इतर पिकांसाठी ९० दिवस जावे लागतात. कुठल्याही देशात ही मर्यादा पाळण्यासारखी आहे. कंपोस्टचा लांब ढीग घालत असाल तर तो १५ दिवस ५५ अंशांवर राहायला हवा आणि त्या काळात पाच वेळा उलथायला हवा. लांब दांडीचा थर्मामीटर हे कंपोस्टच्या जागेवरचं सर्वात उपयोगी अवजार आहे. चारशे चौरस मीटरांवर वर्षाला अडीच सेंटिमीटरचा थर द्यायचा तर दहा घनमीटर तयार खत लागतं, म्हणजे पंचवीस-तीस घनमीटर कच्चा माल. स्वयंपाकघरातल्या ओल्या सालींच्या एका घमेल्याला सुक्या पाल्याची दोन-तीन घमेली पडली नाहीत तर ढीग आंबतो आणि वास पाहुण्यांपर्यंत पोहोचतो. ताटात उरलेलं शिजवलेलं, तेलकट, खारट अन्न उघड्या ढिगात टाकलं की उंदीर आलेच.

पाणी हा सर्वांत सार्वजनिक प्रश्न आहे, कारण ते आवाराच्या भिंतीबाहेरच्यांचंही असतं. कडक उन्हाळ्यात जमीन आणि पानं मिळून दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे चौरस मीटरमागे पाच लिटर. चारशे चौरस मीटरांना रोज दोन हजार लिटर. ठिबकने दिलं तर नासाडी धरून २,२०० लागतात, तुषारांनी दिलं तर २,८०० च्या पुढे, आणि वर पानं भिजून रोग येतो. आलिशान हॉटेलात एका पाहुण्यामागे दिवसाला काहीशे लिटर पाणी सहज खर्च होतं, त्या मानाने बागेची गरज मूठभर पाहुण्यांइतकी आहे. तेवढ्याच क्षेत्रातलं लॉनही जवळपास एवढंच पाणी पितं. त्यामुळे लॉन उखडून वाफे केले तर शेजाऱ्यांच्या विहिरीवर नवा भार पडत नाही. कोरड्या माळावर नवी बाग फुलवली तर पडतो. माझ्या मते कोरड्या प्रदेशात परवानगी देणाऱ्यांनी हा फरक अटीत लिहावा: बाग हवी असेल तर तेवढं लॉन कमी करा.

पावसाचं पाणी साठवण्याचा हिशेबही करून पाहावा. पाचशे चौरस मीटरचं छप्पर आणि वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस असेल तर वीस टक्के नुकसान धरून ३ लाख २० हजार लिटर मिळतात, म्हणजे बागेची सुमारे १४५ दिवसांची गरज. पण पाऊस आणि गरज एकाच वेळी येत नाहीत, आणि ५० हजार लिटरची टाकी उन्हाळ्यात तीन आठवडेच चालते. पहिल्या सरीचं पाणी बाजूला काढणारी जोडणी नसेल तर पक्ष्यांची विष्ठा टाकीत जाते. न्हाणीघराचं सांडपाणी फळझाडांना आच्छादनाखालून, साठवून न ठेवता द्यावं. पाल्यावर ते कधीच नको. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरचं पाणी कुठेच नको. खाऱ्या पाण्याच्या तलावात लिटरला तीन हजार मिलिग्रॅमच्या पुढे क्षार असतात आणि घेवडा, लेट्यूस यांना पाच-सहाशेच्या पुढेच त्रास सुरू होतो. आणखी एक चूक वर्षानुवर्षं ध्यानात येत नाही. हॉटेलं पाणी मऊ करण्यासाठी जे यंत्र बसवतात ते कॅल्शियम काढून सोडियम घालतं. हे पाणी बागेला दिलं की मातीचे कण विखुरतात, वर कडक पापुद्रा धरतो आणि निचरा बंद होतो. बागेचा नळ त्या यंत्राच्या आधीच्या पाइपला जोडलेला हवा. पाच मिनिटांची तपासणी आहे, आणि अनेक बागांचं दुखणं तिथेच सापडतं.

बाग नीट उभी राहिली तरी ती स्वयंपाकघराशी जुळत नाही, कारण लावणी एकाच दिवशी होते. उद्घाटनाच्या आधी सगळे वाफे भरतात, दोन महिन्यांनी सगळं एकदम तयार होतं, त्यानंतर वाफे ओस. मोकळा वाफा व्यवस्थापकाच्या डोळ्यांत खुपतो आणि तो बाजारातून फुललेली रोपं मागवतो. उपाय कंटाळवाणा आहे: दर आठवड्याला पेरणी. वरच्या हिशेबातली सॅलडची पानं मिळवायला दर आठवड्याला साधारण २५ चौरस मीटर पेरावे लागतात. पेरणीपासून चार-पाच आठवड्यांनी पहिली कापणी, जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर, म्हणजे पुन्हा फुटवा येतो. दोन कापण्या झाल्या की पानं कडवटतात, मग वाफा रिकामा करावा. गड्ड्याच्या लेट्यूसला तीन-चार आठवडे रोपवाटिकेत आणि चार-पाच आठवडे वाफ्यात लागतात. कोथिंबीर उन्हाळ्यात लवकर फुलावर जाते, दर पंधरा दिवसांनी नवी पेरावी. लेट्यूसचं बी तीस अंशांच्या वर फारसं रुजत नाही. उन्हाळ्यात ट्रे पहिले दोन दिवस थंड खोलीत ठेवून मग बाहेर आणावेत. किडी, पाखरं, पाऊस यांच्यासाठी वीस टक्के जास्त पेरावं. जिथे पुढचे सहा आठवडे काही लागणार नाही तिथे कुट्टू (बकव्हीट) पेरावा. तो झटपट वाढून पांढरा फुलतो, माती झाकतो आणि कुणाला वाफा रिकामा वाटत नाही.

या वेळापत्रकाला एक माहिती हवी असते जी माळ्याला क्वचितच मिळते, ती म्हणजे पुढच्या दोन महिन्यांचं बुकिंग. लग्नाचे दोनशे पाहुणे येणार हे आरक्षण कक्षाला सहा महिने आधी माहीत असतं, माळ्याला आदल्या आठवड्यात कळतं. पान तयार व्हायला लागतात पाच आठवडे. दर सोमवारी आरक्षणाचा तक्ता बागेत पोहोचणं ही बिनखर्चाची सुधारणा आहे. दुसरी सुधारणा शेफच्या हातात. सहा महिन्यांसाठी छापलेलं मेनूकार्ड बागेला मारतं, कारण त्यावरची भाजी संपली की बाहेरून येते आणि 'आमच्या बागेतून' ही ओळ मात्र तशीच राहते. रोज संध्याकाळी माळ्याने उद्या काय, किती किलो निघेल ते फळ्यावर लिहावं आणि शेफने त्यावरून निदान एक पदार्थ ठरवावा. तोडणी उन्हं चढण्याआधी, पानं लगेच पिण्याच्या पाण्यात धुऊन, पाणी झटकून थंडाव्यात. बेझिल मात्र खोलीच्या तापमानाला, देठ पाण्यात. आणि शेफ मंडळींना आवडणारा एक प्रकार टाळावा: ताजा लसूण किंवा ताजा पाला तेलात बुडवून बाटली बाहेर मांडून ठेवणं. हवाबंद, आम्ल नसलेल्या त्या तेलात बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू वाढू शकतात.

पैशाच्या आणि मानाच्या दृष्टीने माळी बहुतेक हॉटेलांत शेवटच्या पायरीवर असतो. तो साफसफाई किंवा बगीचा विभागाला उत्तर देतो, त्याचं काम वाटा स्वच्छ दिसण्यावर तोललं जातं. खाण्याच्या बागेचा माळी स्वयंपाकघराच्या चमूत असायला हवा, शेफच्या सहायकाच्या बरोबरीने. रोजची तोडणी, आठवड्याची पेरणी आणि पाहुण्यांना फिरवणं धरलं तर एका कुशल माणसाला चारशे चौरस मीटर पुरेसे आहेत. सुट्टीच्या दिवसासाठी दुसरा शिकलेला हात लागतो. एवढा पगार द्यायची तयारी नसेल तर बाग करू नये, चार कुंड्यांत पुदिना लावून तेवढंच सांगावं.

शहरातल्या हॉटेलांना गच्ची सुचते. तीस सेंटिमीटर भिजलेली माती चौरस मीटरला चारशे किलोंहून जास्त भरते आणि साध्या गच्चीची क्षमता दीडशे-दोनशे किलोंचीच असते. इमारतीच्या अभियंत्याच्या लेखी परवानगीशिवाय एक वाफाही चढवू नये; पंधरा सेंटिमीटर हलक्या माध्यमात सुगंधी पाला होतो, तेवढ्यावर समाधान मानावं. दिव्यांखाली बंद खोलीत वाढवलेलं लेट्यूस वीज फार खातं, ते आकर्षक काचेचं कपाट परसबागेच्या नावाखाली दाखवू नये.

बेमोसमी मालाचा हव्यास जुना आहे. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यासाठी चौदाव्या लुई राजाचा माळी ला कँतिनी याने १६७८ ते १६८३ या काळात दलदलीच्या जागेवर निचरा करून सुमारे नऊ हेक्टरांची भाजीबाग उभारली आणि ताज्या शेणाच्या उबेवर डिसेंबरात अॅस्परॅगस राजाच्या ताटात पोहोचवला. तो कसबी माणूस होता, त्याच्या कामाबद्दल आदरच वाटतो. पण ऋतूला हरवून दाखवणं ही तेव्हाची श्रीमंती होती. आज कुठलंही दुकान ते करतं. आज दुर्मीळ आहे ते वीस मिनिटांपूर्वी कापलेलं पान, आणि 'या आठवड्यात हे नाही' असं पाहुण्याला सरळ सांगणारं हॉटेल.

म्हणून आकडे उघड करण्याचा आग्रह. तोडणीच्या टोपलीखाली एक काटा, ठिबकच्या नळावर एक मीटर आणि एक वही, एवढ्यावर दर तिमाहीत तीन ओळी लिहिता येतात: किती किलो निघाले, किती लिटर पाणी लागलं, स्वयंपाकघराच्या एकूण भाजी-फळांच्या खरेदीत बागेचा वाटा किती. हॉटेलांना पर्यावरणाची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांनी बागेच्या फोटोऐवजी ही वही मागावी. वाटा नऊ टक्के निघाला तर नऊ टक्केच लिहावेत, शेजारी शेतकऱ्यांकडून घेतलेला माल वेगळ्या रकान्यात, त्यांच्या गावांसह. हॉटेलात गर्दी नसलेल्या महिन्यांत बाग थांबत नाही, तेव्हाचा जास्तीचा पाला आणि टोमॅटो कर्मचाऱ्यांच्या जेवणात जावा. त्याचंही वजन त्याच वहीत चढवावं.